नीलव्वांची राहिलेली दुरुस्ती

नीलव्वा गेल्या महिन्यात, दुसऱ्या सोमवारी सकाळी, गावातल्या राहत्या घरी वारल्या. वय नव्वदीच्या आसपास. जन्माची नोंद नाही. माकणीच्या पलीकडे, तेरणेच्या काठी असलेल्या त्या गावात दुपारी त्यांना लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून समाधी देण्यात आली. बातमी मला सोलापुरात फोनवर कळली. फोन शेजारच्या शबानाचा होता. रोज सकाळी नीलव्वांकडे दूध ती पोचवायची. काय झालं ते सांगून तिनं विचारलं, "ते छापून आलं का हो काका? दोड्डव्वा परवाबी इचारत होत्या." छापून आलं नव्हतं. तिला तसं सांगितलं. 

दोड्डव्वा म्हणजे कानडीत थोरली आई. नीलव्वा माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, मल्लाप्पांच्या पत्नी. त्यांच्या तरुणपणी त्या गावात घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू अशा तीन भाषा चालत. अजूनही त्या घरात मुलं आधी कानडी बोलायला लागतात. छापायचं राहिलं होतं ती एका लेखाची दुरुस्ती. लेख मीच लिहिला होता. वृत्तपत्राच्या नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती आणि मुक्तिदिनाच्या पुरवणीसाठी काहीतरी गावाकडचं हवं होतं. मी मल्लाप्पांशी तासभर बोललो, घरात चहा करत असलेल्या नीलव्वांना एकही प्रश्न विचारला नाही, आणि परत येऊन लिहिलं. लेखातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. एक वाक्य खोटं होतं.

खरं होतं ते असं. निजामी अमलाचा शेवटचा हिवाळा होता. गावातले धडधाकट पुरुष हद्द ओलांडून बार्शीकडे गेले होते. काही तिथल्या लढ्याच्या तळावर, काही नुसतेच जीव वाचवायला. मागं म्हातारे, लेकरं आणि बाया राहिल्या. आजूबाजूच्या गावांत निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी येऊन गेली होती. ज्वारी हुरड्याच्या पुढं सरकली होती आणि वेशीजवळच्या रानात पाखरं राखायला माळे उभे होते. लाकडाच्या त्या उंच मचाणांवर एरवीही बायाच असायच्या, हातात अंबाडीच्या दोरीची गोफण घेऊन. टोळी भर दुपारी आली तेव्हा चार माळ्यांवर चार बाया होत्या. आणखी आठ-दहा जणी पदरात दगड घेऊन वेशीच्या भिंतीवर चढल्या. घोडी बिथरली, दोघे जण खाली पडले, टोळी मागं फिरली. हे मला पुढे तीन जणींनी वेगवेगळं बसून सांगितलं आणि तिघींचं जुळलं. त्यांतल्या एक पिंजाऱ्याच्या घरातल्या हमीदाबी, शबानाच्या नवऱ्याची आजी. टोळीचा माणूस तिला उर्दूत म्हणाला, तू तर आमची, तू कशाला दगड मारतेस. त्यावर हमीदाबीनं भिंतीवरून दिलेलं उत्तर गावात अजून सांगतात : "तुमारी कैसी रे? मेरी कोंबड्या तुमीच ले गए ना परसों?"

खोटं वाक्य मल्लाप्पांच्या डोळ्याबद्दल होतं. त्यांचा डावा डोळा गेलेला होता. लेखात मी लिहिलं की त्या घटनेनंतर काही दिवसांनी ते लपत गावाकडे येत असताना टोळीच्या गोळीनं तो गेला. माहिती त्यांच्याच तोंडची, म्हणून पडताळली नाही. लेख गाजला. शाळेच्या भिंतीवर चित्र काढलं गेलं, त्यात घोडेस्वाराच्या बंदुकीतून निघालेली ठिणगीही होती. झेंडावंदनाच्या भाषणात दरवर्षी ती गोळी यायला लागली.

वर्षभरानं मल्लाप्पांच्या राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेसाठी दोघं सोलापूरला आले. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना पडून राहायला सांगितलं आणि नीलव्वांना कॉटजवळ बसवेना. उठायच्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. मल्लाप्पा पट्टीखालून म्हणाले, "हिला कुटंतरी फिरवून आण रे. हितं पायाचा आवाज ऐकून माजाच जीव घाबरायलाय." मी त्यांना जवळच्या चित्रपटगृहात नेलं; तिथं सकाळच्या खेळाला एक जुना इंग्रजी चित्रपट लागला होता. पोस्टरवर लांब झग्यातल्या बाया बंदुका रोखून उभ्या होत्या. माळरानासारख्या ओसाड मुलखातली एक वस्ती, पुरुष लांब गेलेले, घोड्यांवरून हल्लेखोर येणार, आणि बाया गाड्या आडव्या लावून वस्ती राखतात अशी गोष्ट. मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. नीलव्वांनी पहिल्या अर्ध्या तासात फक्त दोन गोष्टी विचारल्या. "ह्यास्नी पानी कोन आनून देतं?" आणि थोड्या वेळानं, "एवड्या धावत्यात, झगा पायात येत न्हाई का गं बायांनो?" पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून पाहिलं. त्या त्याला म्हणाल्या, "तू फुडं बघ बाबा, तुज्यावर न्हाईत धावत." शेवटी बाया जिंकल्या. पुरुष परत आले, मिठ्या मारल्या, दिवे लागले.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "एवड्या गोळ्या मारल्या त्या बायांनी. धुराळ्यात कुनाचं कुनाला दिसत न्हवतं. आपल्या मानसाला एकबी लागली न्हाई?"

"सिनेमा आहे, दोड्डव्वा."

"मग खोटं हाय," त्या म्हणाल्या. आम्ही दवाखान्याकडे परत निघालो. तिथं बाहेरच्या बाकावर त्या बसल्या, आत गेल्या नाहीत, आणि तिथंच त्यांनी सांगितलं.

पुरुष गाव सोडून निघाले तेव्हा एक शब्द ठरला होता. तिकडच्या रिवाजानं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. त्यामुळे अंधारात, धुक्यात कोणी आलं तर नावानं खूण पटवणं शक्य नव्हतं. टोळीतल्या लोकांना उर्दू यायची, मराठीही यायची. कानडी येत नव्हती. म्हणून ठरलं की राखणीवरची बाई कानडीत विचारेल, "यारु?" म्हणजे कोण. आपला माणूस उत्तर देईल, "नावु." म्हणजे आम्ही. दुसरं कुठलंही उत्तर आलं तर गोफण.

टोळी मागं फिरल्यानंतर पाचव्या पहाटे धुकं पडलं होतं. माळ्यावर नीलव्वा होत्या. उंच ज्वारीत पाखरू दिसत नाही, फडफड ऐकूनच मारावं लागतं, आणि आवाजावर दगड टाकण्यात त्यांचा हात गावात सगळ्यांत बसलेला होता. वाटेवर पावलं वाजली. त्यांनी विचारलं, "यारु?" उत्तर आलं, "आमी." त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "आमी हाय, आमी." आवाज बसलेला, घोगरा. मल्लाप्पा दोन रात्री थंडीत चालून आले होते आणि त्याआधी चार महिने बार्शीत मराठी बोलणाऱ्यांत राहिले होते. जिभेवर तेच बसलं होतं. शब्दाचा अर्थ बरोबर होता. भाषा चुकली होती.

"मला वाटलं हुतं, त्येंच्यावानी वाटतंय," नीलव्वा बाकावर म्हणाल्या. "नाव घेऊन इचारलं असतं तर व्हय म्हनले असते. नाव जिभंवर आलं हुतं... गिळलं म्या." मग दगड सुटला.

आधी धावत गेली ती हमीदाबी. तिनं त्यांना उताणं केलं, गळ्यातलं लिंग पाहिलं आणि माळ्याकडे तोंड करून म्हणाली, "अगे नीलू, उतर नीचे. तेरे घरकाच है गे ये." तिनं हळद लावली, घरातला पिंजलेला कापूस आणून बांधला. डॉक्टर नव्हताच. शुद्धीवर आल्यावर मल्लाप्पा पहिलं वाक्य बोलले ते दोघींनाही तेच आठवत होतं : "शब्द म्याच इसरलो." आणि बाकीच्या बाया जमल्यावर त्यांनी मोठ्यानं सांगितलं की वाटेत टोळीनं गाठलं, गोळी चाटून गेली. नीलव्वा तोंड उघडणार तोच कानडीत हळूच म्हणाले, गप्प राहा. आज तुझी गोफण खाली पडली तर सगळ्यांच्या पडतील. धुक्यात आपलाच माणूस असेल म्हणून एकही दगड सुटणार नाही. ज्वारी निघेपर्यंत बाया माळ्यांवर राहिल्या. टोळी त्या गावात पुन्हा आली नाही. पुढं राज्य बदललं, पुरुष परत आले, आणि सांगायची वेळ निघून गेली.

हे ऐकल्यावर मी त्यांना म्हणालो की मल्लाप्पांनी त्यांना वाचवण्यासाठीच ते सांगितलं असणार. त्या चिडल्या. "ते मला ठाव हाय. पर तू छापलंस. त्येंचा डोळा माज्या दगडानं गेला. त्यो तू टोळीच्या नावावर का घातलास? चाळीस साल म्या त्या डोळ्यापुडं भाकर वाढली, टोळीनं न्हाई." दुरुस्ती छाप, असं त्यांनी तिथंच सांगितलं. आत जाऊन मी मल्लाप्पांना विचारलं.  "म्या हाय तवर नको," म्हणाले. "लोक हिच्याकडं बघतील. तसं बघू देनार न्हाई म्या."

त्यानंतर मी गावाला जायचो तेव्हा दोघांमध्ये हा विषय उघड कधी निघाला नाही. एक सवय मात्र दिसायची. मल्लाप्पा रानातून घरी येत तेव्हा दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्याशी थांबत. आतून नीलव्वा विचारत, "यारु?" ते म्हणत, "नावु." मग आत येत. एकदा मी सोबत होतो आणि ते मुद्दाम "आमी" म्हणाले. आतून चुलीतल्या लाकडाचा आवाज आला, आणि नंतर नीलव्वांचा : "एकच राह्यलाय. संबाळून बोला." दोघंही हसले. हसता हसता नीलव्वा उठून परसात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

मल्लाप्पा बारा वर्षांपूर्वी गेले. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. "आता लिव्ह खरं," म्हणाले. "पर तिनं दोनदा इचारलं हुतं. त्येबी लिव्ह." मी लिहिलं नाही. आधी सुतक म्हणून, मग शाळेच्या शिक्षकांनी विनंती केली म्हणून. भिंतीवरच्या चित्राचं काय करायचं, पोरांना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. नंतर कारणही उरलं नाही. नीलव्वांनी विचारणं सोडलं नाही. वाचता येत नसूनही कुणी पेपर घेऊन दिसलं की त्याला थांबवून विचारत, आमच्या घरचं काही आलंय का. जुन्या लेखाचं कात्रण त्यांनी गोफणीच्या विणलेल्या पट्ट्यात, जिथं दगड ठेवतात तिथं, दुमडून ठेवलं होतं. शेवटची भेट दिवाळीनंतर झाली. त्या अंथरुणावर बसून होत्या. बोलता बोलता तीनदा उठून कडी पाहून आल्या. निघताना म्हणाल्या, "तुजं कागदाचं काम एवडं उशिराचं असतंय व्हय?" पुढच्या महिन्यात, असं मी सांगितलं.

ती दुरुस्ती अशी. मुक्तिदिनाच्या पुरवणीतील लेखात मल्लाप्पा यांचा डावा डोळा टोळीच्या गोळीने गेल्याचे म्हटले होते. ते चूक आहे. तो डोळा त्यांच्या पत्नी नीलव्वा यांनी राखणीवर असताना गोफणीने मारलेल्या दगडाने गेला. मल्लाप्पा यांनी ठरलेला शब्द सांगितला नव्हता. नीलव्वा यांनी दोनदा विचारले होते.

दिवसकार्यानंतर गावाला गेलो तेव्हा शबानानं आणखी एक गोष्ट सांगितली. मल्लाप्पा गेल्यापासून नीलव्वा दिवस मावळला की दाराला आतून कडी लावायच्या. सकाळी शबाना दूध घेऊन आली की आतून "यारु?" यायचं, आणि तिनं "नावु" म्हटल्याशिवाय कडी निघायची नाही. नीलव्वा गेल्या त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी शबाना अंगणात कपडे काढत होती. नीलव्वांच्या बंद दारामागून तिला आवाज आला : "यारु?" बाहेर कुणी नव्हतं. थोडं थांबून आतून पुन्हा आवाज आला, आणि या वेळी नीलव्वांनी नाव घेऊन विचारलं, "मल्लाप्पा?" हे एकट्या शबानानं ऐकलेलं आहे, दुसरा साक्षीदार नाही.

सोमवारी सकाळी तिनं दार वाजवलं तेव्हा आतून कुणी विचारलं नाही. तिनं नवऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून दार ढकललं. गोफण खुंटीला होती, कात्रण तिच्यातच होतं. नीलव्वा अंथरुणावर होत्या. कडी आतून काढलेली होती; हे दोघांनीही पाहिलं.