विहिरीची बातमी

जालन्यात गिरिभ्रमण मंडळ काढतो म्हटल्यावर लोक हसले होते. डोंगर म्हणावा असा डोंगर आमच्या आसपास नाही. तरी सत्तरनंतरच्या त्या वर्षांत आम्ही चौदा जण जमलो. काही मास्तर, दोन पोस्टातले, एक कंपाउंडर, बाकीचे दुकानदार. सुट्टीत पॅसेंजरने दौलताबादला उतरायचं आणि पुढे पायी निघायचं. मी चिटणीस होतो. जालन्याच्या मस्तगड भागात एका सभासदाच्या दुकानाबाहेर मंडळाचा फळा होता. त्यावर मी दर सोमवारी बातम्या लिहायचो. कोण कुठे चढलं, कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं लग्न ठरलं. सौदा घ्यायला आलेली माणसंही उभं राहून वाचायची.

आमच्यात सगळ्यात चांगले चढणारे होते ते गणिताचे सर. बदनापूरला राहायचे, रोज गाडीने जालन्याच्या शाळेत यायचे. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला, तेव्हा सर शाळेत होते. अंगाने सडपातळ, बोलणं कमी. दोराची गाठ मारली की दोनदा ओढून बघायचे.

मग दुष्काळ पडला. दूर जाणं परवडेना, म्हणून आम्ही बदनापूरकडच्या कोरड्या विहिरींत दोरावरून उतरायचा सराव करू लागलो. कोरड्या विहिरींना तेव्हा तोटा नव्हता. अशाच एका रविवारी दुपारी शेजारच्या शिवारातून एक माणूस पळत आला.

"सर, जल्दी चला! आमच्या इहिरीत दरड आली. खोदणारा गडी खाली अडकलाय."

"जिवंत हाय?" सरांनी विचारलं.

"आवाज देऊन राह्यलाय."

विहीर पन्नास-साठ फूट खोल होती. कडेची माती एका बाजूने ढासळलेली. सभोवार गाव उभं होतं, पण उतरायला कुणी धजत नव्हतं. सरांनी लिंबाच्या झाडाला दोर बांधला, काठावर गोणपाट टाकलं, कमरेला गाठ मारली आणि मला म्हणाले, "दोर तुम्ही धरा."

ते खाली पोचले. पहारीने दगड उचकटल्याचा आवाज वर येत होता. मधूनच सर त्या गड्याशी बोलत होते. लेकरं किती, सासुरवाडी कुठली, असलंच काहीतरी. अर्ध्या तासाने त्याचा पाय सुटला. आमच्याकडे दोर एकच होता. सरांनी तो स्वतःच्या कमरेचा सोडून त्याला बांधला. आम्ही सहा जणांनी गड्याला वर ओढलं. तोवर सर खाली भिंतीला चिकटून बसले होते आणि वरून ढेकळं पडत होती. दुसऱ्या खेपेला ते वर आले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा मातीने पांढऱ्या झाल्या होत्या.

विहिरीच्या मालकाने त्यांचे दोन्ही हात धरले. "देवासारखे आलात. नाव काय म्हणावं?"

सरांनी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मालकाने हात लगेच सोडले नाहीत, पण पुढे काही बोललाही नाही.

आठ-दहा दिवसांनी त्या विहिरीला पाणी लागलं. सगळ्या मंडळाला जेवणाचं आमंत्रण आलं. सरही आले, धुतलेला पांढरा शर्ट घालून. पुरणाचं जेवण होतं, सगळी एकाच पंगतीत. तो गडीही काठी टेकत येऊन समोर बसला होता. मालकाचे म्हातारे काका माझ्याशेजारी बसून मोठ्या कौतुकाने सांगत होते.

"त्या दिवशी नाइलाज व्हता बघा. मंग आम्ही भटजी आणून इहीर शुद्ध करून घेतली. गोमूत्र शिंपलं. त्याच्यामुळंच पाणी लागलं."

सर माझ्यापासून दोन पानं पलीकडे होते. त्यांच्या हातात घास होता. तो त्यांनी पत्रावळीवर परत ठेवला, अन्नाला नमस्कार केला आणि उठले. हात रुमालाला पुसत पायवाटेने स्टेशनकडे चालू लागले. मालक कावराबावरा झाला. समोरच्या गड्याने मान खाली घातली. मी उठलो नाही. भरल्या पानावरून उठू नये, असं मनाशी म्हणत राहिलो आणि पान संपवलं.

सोमवारी मी फळ्यावर लिहिलं, "विहिरीस पाणी लागले. गावकऱ्यांनी मंडळास प्रेमाने भोजन दिले."

दोन दिवसांनी सर शाळेतून थेट माझ्याकडे आले.

"बातमी वाचली, चिटणीस."

"काही चुकलं का, सर?"

"चुकलं न्हाई. अर्धी हाय." मग ते म्हणाले, "मी बिनदोराचा खाली बसलो होतो तेव्हा भीती वाटली. पण वर तुम्ही हाव, एवढा भरवसा होता. पंगतीत तो राह्यला न्हाई."

त्याच संध्याकाळी मी फळा पुसला आणि सगळं लिहिलं. विहिरीत कोण उतरलं, नंतर ती कशाने धुतली, आणि चिटणीस पंगतीतून उठला नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी ज्याच्या दुकानाबाहेर फळा होता तो सभासद तणतणत आला. "त्या गावची गिऱ्हाइकं आहेत माझी. बिलकुल चालणार न्हाई. पुसा!"

मी नाही म्हणालो. त्याने फळा काढून माझ्या दाराशी आणून टेकवला. त्या महिन्यात सहा जणांनी मंडळ सोडलं. एकाने तर रस्त्यात ओळख दाखवणंही बंद केलं.

मग एके दिवशी तो विहिरीतला गडी लंगडत माझ्या घरी आला. "मला सरांचं घर दावा," म्हणाला. आम्ही दोघं गाडीने बदनापूरला गेलो. सरांना बघताच तो उंबऱ्यातच बसला. "तुम्ही मला वर काढलं, सर, आन् मी तिथं मुका बसलो."

"आधी आत या," सर म्हणाले. "जेवून जा."

त्यांच्या बायकोने भाकरी आणि पिठलं वाढलं. आम्ही तिघं एका ओळीत बसलो. हात धुताना मी सरांची माफी मागितली. त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि फक्त म्हणाले, "ते राहू द्या आता."

पुढे आष्टीला बदली होईपर्यंत सर आमच्यासोबत डोंगरावर येत राहिले, पूर्वीसारखेच पुढे चालत. पण वाटेतल्या कुठल्याही गावात कुणी जेवायला बोलावलं, की ते हात जोडून नको म्हणायचे. मीही कधी आग्रह केला नाही. आम्ही उरलेले आठ जण मग आपापल्या भाकरी बांधून नेऊ लागलो, आणि गाव मागे टाकल्यावर एखाद्या झाडाखाली बसून जेवू लागलो.