लाल ठिपक्यावरचं भाषण

आता काय सांगू तुम्हाला! माझी फजिती गल्लीनं ऐकली, तीही रेडिओच्या साथीनं. हसा, पण हळू. मी दचकते.

झालं असं, की कॉलेजातर्फे नागपूर केंद्रावर माझं भाषण ध्वनिमुद्रित झालं. विषय? 'स्त्रियांनो, भिऊ नका!' हो, हो, माझंच! सरांनी विषय दिला आणि नाही म्हणायची मला भीती वाटली.

भाषण लागणार दुपारी. बाबांनी शाळेतून अर्धी रजा टाकली. कारंज्यातली आमची सगळी गल्ली ओसरीवर जमली. आमच्या रेडिओचं बटण उगाच फिरवायची कुणाची छाती नव्हती. नागपूर जिथं लागतं तिथं काचेवर बाबांनी माझ्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला. काटा ठिपक्यावर असला की झालं, एवढंच आम्हाला ठाऊक!

बाबांनी रेडिओ लावला. आतून काय यावं? 'कुंईईई... टिट्, टिट्, टिट्!'

"काहून व सुनंदे," शेजारच्या शेवंतामावशीनं विचारलं, "तू अशीच बोलली का तिथं?"

सगळे हसले. मी मात्र दाराकडे पाहिलं. कारण भाषणात मी एक वाक्य पदरचं घुसवलं होतं: 'नळाला पाणी नसेल तर साहेबाला जाब विचारा!' आणीबाणी उठून फार काळ झाला नव्हता हो! माझी खात्रीच पटली. भाषण दाबलं! आणि ही टिट्-टिट्? पोलिसांची बिनतारी! माझंच वर्णन चाललं असणार: बुटकी, चष्मा, दोन वेण्या!

"बाबा, बंद करा! ते येतील!"

"कोन येते?" म्हणत बाबांनी रेडिओला दोन थापडा मारल्या.

आणि दारात घर्रकन जीप थांबली.

मग मी काय केलं असेल? आतल्या खोलीत पळाले, खाटेखाली शिरले, पुढ्यात ट्रंक ओढली. ओसरीवर जड बूट वाजले. "सामान भाईर काढा!" झडती! दुसरं काय? बाबांची नोकरी गेली. माझी पदवी गेली. बाबांना बेडी घातलेली मला स्पष्ट दिसली!

इतक्यात समोरच्या दुकानातून रहीमचाचा ओरडले, "अरे मास्तर, रेडिओच्या लहरींची नवी वाटणी झाली ना! नागपूर आजपासून सरकलं. उस ठिपक्यावर काय ऐकून राह्यले? काटा सरकवा! रोज तर सांगत होते रेडिओवर!"

सांगत होते, खरंच. पण 'महत्त्वाची सूचना' एवढे शब्द आले की माझी छाती धडधडते. मी रोज तिथंच रेडिओ बंद करायची.

चाचांनी आपला रेडिओ मोठा केला. गल्लीभर खणखणीत आवाज घुमला: "भगिनींनो, घाबरून कोपऱ्यात लपू नका! उठा, दार उघडा!"

मी खाटेखालून त्या आवाजावरच खेकसले, "अगं बाई, हळू बोल ना! जीप दारात आहे!"

खाट उचलली गेली. समोर पोलीस? छे! पाठीला पंप अडकवलेले मलेरियाचे फवारणीवाले! त्यांच्यामागे बाबा, आणि बाबांमागे अख्खी गल्ली.

शेवंतामावशीनं एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मास्तर, असं करा. त्या रेडिओतल्या पोरीले घरी आना, अन् इले तिथं भरून टाका!"