तपासनीस उपनगर निवडतात

लिफ्ट तपासण्याची नोकरी पुष्कळजण करतात आणि संध्याकाळी ती कचेरीत ठेवून घरी येतात. हे तपासनीस ती घरी घेऊन यायचे. लिफ्टमध्ये उभं राहून वरखाली करायचं, दोराचा आवाज कान देऊन ऐकायचा, दार बंद होताना मध्ये हात घालून ते मागं सरतं का बघायचं आणि मगच सही ठोकायची, हे त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की वरखाली करून बघितल्याशिवाय त्यांचा जगातल्या कशावरच विश्वास बसत नसे. छत्री घ्यायला गेले तर दुकानाच्या दारात उभे राहून ती उघड-मीट, उघड-मीट करत राहायचे. एकदा त्यात काडी मोडली आणि दुकानदारानं ती छत्री त्यांच्याच गळ्यात मारली. घरात नवी खुर्ची आली की आधी स्वतः बसायचे, मग तिच्यावर उभे राहायचे, मग पोरांना उभं करायचे. नातेवाइकांनी त्यांचं खरं नाव केव्हाच सोडून दिलं होतं. सगळे 'तपासनीस'च म्हणत, आणि त्यांना त्यात टोमणा आहे हे कधी जाणवलं नाही.

त्यांची बायको परिचारिका. दवाखान्यात आणि गल्लीत ती सगळ्यांची 'सिस्टर' होती. तिचा स्वभाव अगदी उलटा. रुग्णाच्या तोंडाकडे एकदा बघितलं की काय ते तिला उमगायचं, आणि उमगलं की ती पदर खोचून कामाला लागायची. नवऱ्याच्या वरखाली करण्यापुढं तिनं लग्नानंतर थोड्याच दिवसांत हात टेकले होते. फक्त घाईच्या वेळी ती त्यांना दुसऱ्या खोलीत काहीतरी बघायला पाठवून द्यायची.

सिस्टरला बढती मिळाली आणि बढतीच्या मागोमाग बदली आली, मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात. शहरात राहायचं म्हणजे चौघांनी एका खोलीत, आणि खिडकी उघडली की शेजारच्याची भिंत. म्हणून राहायचं उपनगरात, सिस्टरनं रेल्वेनं जा-ये करायची, आणि शाळा मात्र चांगली हवी, असं ठरलं. ठरलं म्हणजे नवरा-बायकोचं ठरलं. थोरली तेरा वर्षांची होती. तिनं एकदाच सांगितलं की मी येणार नाही, आणि त्यानंतर बापाशी बोलणंच टाकलं. काही सांगायचं झालंच तर ते धाकट्यामार्फत यायचं. धाकटा सहा वर्षांचा. तो निरोप पोचवायचा, पण वाटेत त्यात आपली भर घालायचा. "ताई म्हणते ती येणार नाही. आणि मला सायकल पाहिजे."

शहरात तपासनिसांचे साडू राहत. साडू म्हणजे माहितीचं चालतंबोलतं दुकान. त्यांनी फोनवरच एका उपनगराचं नाव घेतलं, तिथल्या शाळेचे निकाल घडाघडा सांगितले आणि वर म्हणाले की डोळे मिटून घर घेऊन टाका. दुसरं काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण डोळे मिटून म्हटल्यावर तपासनिसांनी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला आणि पिशवी भरून साडूंच्याच घरी मुक्कामाला जाऊन थडकले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. सकाळी उपनगरात जायचं, सिस्टर जाईल त्या वेळची गाडी पकडून गर्दीतून शहरात यायचं, आणि शाळा सुटायच्या वेळेला परत जाऊन फाटकासमोर उभं राहायचं. शाळा आतून कुणीही चांगली दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. पोरं बाहेर कशी पडतात ते बघावं.

साडूंच्या उपनगरात शाळेसमोर पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचा फलक होता, आणि तो इतका मोठा की त्याच्यामागे शाळाच दिसत नव्हती. पोरं फाटकातून रांगेनं बाहेर आली. ना कुणी कुणाला ढकललं, ना कुणाची पिशवी कुणी ओढली. बाहेर शिकवण्यांच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांत ती तशीच रांगेनं चढली. तपासनिसांनी एकाला विचारलं की बाळ, आज शाळेत काय केलं. तो म्हणाला, सराव परीक्षा दिली. आणि काल? काल परवाच्या सराव परीक्षेची उजळणी केली. तपासनिसांना कोरड्या दोराचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यांनी साडूंना सांगितलं की ही जागा नको. साडूंनी जेवताना दोन दिवस तोंड वर केलं नाही.

दुसरं उपनगर झाडांचं, रुंद रस्त्यांचं. जलद गाडी थांबायची. शाळेसमोर तपासनीस दोन दिवस उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्यानं त्यांच्या दंडाला धरून त्यांना थेट मुख्याध्यापिकांपुढं उभं केलं.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "तुमचं मूल कुठल्या वर्गात आहे?"

"या शाळेत माझं मूल नाही," तपासनीस म्हणाले, आणि प्रकरण आणखी चिघळलं. मग त्यांनी घाईघाईनं ओळखपत्र काढून पुढं केलं. मुख्याध्यापिकांनी ते नीट वाचलं.

"आमच्या शाळेला लिफ्ट नाही," त्या म्हणाल्या.

शेवटी सिस्टरला फोन लागला. ती वॉर्डात होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हो, नवरा माझाच आहे, तो असाच आहे, त्याला सोडा. तपासनीस कान लाल करून बाहेर आले खरे, पण रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्यासारख्या सज्जन माणसालाही जिथं फाटकाशी उभं राहू देत नाहीत, ती शाळा पोरं सांभाळणार. हीच शाळा, हेच उपनगर. त्यांनी घरही हेरून ठेवलं.

त्याच मार्गावर एक तिसरं ठिकाण होतं, लाकडाच्या वखारीचं. तिथं जलद गाडी थांबत नसे, वेग कमी करून नुसती पुढं निघून जायची. तपासनिसांनी ते खिडकीतून पाहिलं होतं आणि खिडकीतूनच खोडून टाकलं होतं.

शनिवारी बायको-मुलांना गावाहून बोलावून घेऊन ते घर दाखवायला निघाले. आठवडाभर स्वतः तपासलेल्या गाडीत त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि कुठं काय दिसेल ते आधीच सांगायला सुरुवात केली. पण त्यांनी तपासली होती ती कामाच्या दिवसांची गाडी. शनिवारची तीच गाडी प्रत्येक स्टेशनावर टेकत टेकत चालली, वखारीच्या स्टेशनावर आली आणि तिथंच संपली. दिवे गेले, माणसं उतरली. पुढची गाडी यायला पुष्कळ अवकाश होता. सिस्टरनं बाकावर बसून धाकट्याच्या चपलेचा पट्टा घट्ट केला. ती बोलली असती तर तपासनिसांना बरं वाटलं असतं.

इतक्यात धाकट्याला लघवीला लागली. स्टेशनावरच्या मुतारीला कुलूप. तिकीटवाल्यानं खिडकीतूनच बोट दाखवलं की मागं शाळा आहे, तिथं जा, आज उघडी आहे. धाकट्याला घेऊन सिस्टर धावली, मागून तपासनीस, आणि सगळ्यांच्या मागं, आपला या लोकांशी काही संबंध नाही अशा चालीनं, थोरली.

शाळेचा रंग उडालेला होता. मैदानावर दहा-पंधरा मुलंमुली आणि एक खेळाच्या बाई शर्यतींसाठी चुन्याच्या फक्कीच्या रेघा ओढत होत्या. बाई अंगानं दणकट, गळ्यात शिट्टी, कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या. सिस्टर धाकट्याला घेऊन परत आली तेव्हा थोरली कडेला उभी राहून एक डोळा मिटून मैदानाकडं बघत होती. तपासनिसांनी ती नजर ओळखली. आरशासमोर दाढी करताना ते ती रोज बघत आले होते.

"रेघ वाकडी आहे," थोरली म्हणाली.

बाईंनी वर बघितलं. "कुठं?"

"त्या खांबापासून पुढं. सगळीच."

मैदानावर कुजबुज झाली. एका मुलीनं विचारलं की ही कोण आलीये इथं. बाई तोवर रेघेच्या टोकाला जाऊन वाकल्या होत्या. त्यांनीही एक डोळा मिटला. जरा वेळानं त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"आहे खरी," त्या म्हणाल्या. "चांगली पाऊलभर सरकलीये. ये, दोरी धर तिकडून."

अर्ध्या सकाळचं काम पुसायचं म्हटल्यावर पोरं चांगलीच वैतागली. थोरलीच्या नावानं बोटं मोडत त्यांनी पायांनी फक्की पुसली. पण थोड्या वेळानं मघाशी 'ही कोण' म्हणणारी मुलगीच थोरलीच्या शेजारी गुडघे टेकून बसली होती, आणि दोघी मिळून तिसऱ्या कुणालातरी, तू मध्ये येऊ नकोस म्हणून दटावत होत्या. पुढच्या गाडीची वेळ झाली. गाडी आल्याचा आवाजही आला. कुणीच हललं नाही.

तपासनिसांना मात्र दोरी मधोमध सैल दिसत होती. त्यांचं तोंड उघडलं. सिस्टरनं त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि ते मिटलं. त्यांनी नजर वखारीकडं वळवली, मग आभाळाकडं वळवली, मग परत दोरीकडं.

तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकावरून हाक आली. "बाबा, दोरी सैल वाटतेय का हो मध्ये?"

कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच निरोप धाकट्याला वगळून आला होता. तपासनीस मैदानात गेले, वाकून दोरी बोटानं छेडली आणि घसा साफ करून म्हणाले, "जरा ताण अजून. हां. आता बरोबर."

परतीच्या गाडीची वाट बघत स्टेशनाच्या बाकावर बसल्यावर सिस्टरनं निकाल देऊन टाकला. राहायचं ते इथंच. तपासनिसांनी बोटांवर मुद्दे मोजायला घेतले, की इथं जलद गाडी थांबत नाही, त्या शाळेत पहारेकरी आहे, घर हेरून ठेवलंय. सिस्टर म्हणाली, "गाडीनं मला जायचंय. धीमी गाडी रोज इथूनच सुटते, म्हणजे मला बसायला मिळेल. उभी मी दिवसभर असतेच."

आठवडाभर गर्दीत लोंबकळून सगळं तपासलेल्या माणसाला हे एवढं साधं सुचलं नव्हतं. तरी त्यांनी शाळेचा मुद्दा सोडला नाही. परत मैदानावर जाऊन त्यांनी खेळाच्या बाईंना इथं शिकवतात कसं ते विचारलं. बाईंनी हात झटकत सांगितलं की गणिताचे शिक्षक नुकतेच सोडून गेलेत, नवे येतील म्हणतात, कधी ते देव जाणे. बाकी ठीक. तपासनीस अस्वस्थ झाले. पण इतकं सरळ उत्तर त्यांना साडूंकडूनही मिळालं नव्हतं आणि मुख्याध्यापिकांकडूनही.

घर मिळालं ते कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर. दुकान आणि घर एकाच म्हाताऱ्या मालकीणबाईंचं. तपासनिसांनी नळ सोडून बघायला हात पुढं केला तर बाईंनी तो वरच्या वर अडवला. आधी मला तुम्हाला बघू दे, म्हणाल्या. त्यांनी धाकट्याला खोलीत उड्या मारायला लावल्या आणि स्वतः खाली जाऊन आवाज किती येतो ते ऐकून आल्या. तपासनीस घोरतात का ते त्यांनी त्यांना न विचारता सिस्टरला विचारलं. चपला घरात घालता का, दार आपटून लावता का, एकमेकांशी भांडता ते कुठल्या खोलीत. तपासनीस भिंतीला टेकून उभे होते, आणि आपली सही होतेय की नाही या काळजीनं त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सही झाली.

सगळं काही सुतासारखं सरळ झालं असं नाही. धाकट्यानं सुरुवातीला रोज सकाळी शाळेच्या फाटकाला मिठी मारून भोकाड पसरलं. गणिताचे शिक्षक वर्ष अर्धं उलटल्यावर उगवले. तोवर तपासनिसांनी घरी गणित शिकवलं आणि त्या खोलीतून येणारा आवाज ऐकून मालकीणबाई दोनदा वर येऊन गेल्या. थंडीत सिस्टर अंधार पडल्यावर घरी पोचायची आणि चपलांसकट पलंगावर आडवी व्हायची. पण सकाळी खिडकीशी बसून ती शहर येईपर्यंत गाढ झोप काढायची, आणि संध्याकाळीही झोपली तरी पुढं निघून जायची धास्ती नव्हती, कारण धीमी गाडी तिथंच संपायची. तपासनिसांनीही येतानाच शहरात बदली करून घेतली होती. शहरात लिफ्टांना काय तोटा. थोरली पुढच्या वर्षी शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि घरी येऊन म्हणाली की रेघा मात्र छान होत्या.

या सगळ्याची एक वेगळीच गोष्ट कचेरीत तयार झाली. तपासनीस ती चहाच्या वेळी सांगत. त्या गोष्टीत तपासनिसांनी शाळांचा अभ्यास केला होता, गाड्यांचा अभ्यास केला होता, आणि वखारीच्या स्टेशनावर जाणीवपूर्वक उतरले होते. एकदा सिस्टर कशासाठी तरी कचेरीत आली असताना ही गोष्ट ऐन रंगात होती. तिनं शेवटपर्यंत ऐकली आणि जाताना म्हणाली की छान सांगता.

कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याची बायको तेव्हा दुसऱ्या गावाहून यायची होती, पोर शाळेत घालायचं होतं. त्यानं तपासनिसांचा सल्ला घेतला. तपासनिसांनी त्याला एक अख्खी दुपार दिली, वखारीच्या स्टेशनापर्यंत नेऊन आणला, मैदान दाखवलं, मालकीणबाईंच्या पुढं उभा केला. सहकाऱ्यानं सगळ्याला मान डोलावली, मनापासून आभार मानले, आणि पुढच्या महिन्यात साडूंच्या उपनगरात घर घेतलं. त्याचं पोर तिथं मजेत आहे म्हणतात. तपासनीस अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलतात.