चहाच्या खोक्याचा बास

मला गाता येत नव्हतं. ही गोष्ट आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत होती, मला सोडून. गणेशोत्सवात मुलींचा गाण्यांचा कार्यक्रम बसवणाऱ्या मास्तरांनी माझं अर्धं कडवं ऐकलं आणि म्हणाले, "तू पडदा ओढ."

पडदा म्हणजे दोन चादरी टाचून केलेला. तो ओढणारी मुलगी दोन तास चादरीमागे उभी राहायची. त्या वर्षी मला पहिल्यांदा साडी नेसायला मिळणार होती. साडी अशी चादरीआड वाया जाऊ द्यायची, हे मला पटेना. सन छप्पनच्या आसपासची गोष्ट. अख्खी अंधेरी माझ्या साडीची वाट बघतेय, अशी माझी समजूत होती.

वाडीच्या मागे ख्रिस्ती गावठाण होतं. तिथल्या एका लग्नात मी बॅंड पाहिला होता. सगळे वादक घाम गाळत होते. एक माणूस मात्र स्वतःपेक्षा उंच अशा वाद्याला टेकून निवांत उभा होता. मधूनच एक तार ओढायचा. धुम्म. मग जरा विचार करायचा. मग परत धुम्म. त्या वाद्याला बास म्हणतात, असं शेजारणीने सांगितलं. मी मनाशी ठरवलं, हे आपलं वाद्य. गायचं नाही, पळापळ नाही, आणि आवाज इतका खालचा की चुकला तरी कुणाला कळू नये.

विकत घेण्याचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे कंदिलाची काच फुटली तरी सभा भरायची. तेव्हा बास घरीच करायचा ठरला. वाण्याने चहाचं रिकामं खोकं दिलं. ते पालथं घालून तळाला तापल्या सळईने भोक पाडलं. आतली चहाची भुकटी आठवडाभर गळत होती, आणि मी शिंकत होते. भोकातून सुतळी ओवून आत गाठ मारली, दुसरं टोक काठीला बांधलं, काठी खोक्याच्या कडेवर उभी धरली. काठी मागे ओढली की सुतळी ताणली जाणार आणि वाजणार. वाजली नाही. उशीवर थाप मारल्यासारखी नुसती धप्प झाली.

तेवढ्यात वाडीत गाद्या पिंजायला पिंजारी आला. त्याच्या धनुष्याची दोरी कापसात घुमत होती. मी त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसले.

"ये रस्सी किसकी है?"

"बकरे के आंत की, बेबी. तांत बोलते हैं."

त्याच्याकडचा एक तुटका तुकडा मी चहाच्या बदल्यात मिळवला. तो आतड्याचा आहे हे घरी सांगायचं कारण नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

आता काठी. केरसुणीची वाकडी होती, छत्रीची आखूड. घरात एकच काठी सरळ, लांब, गुळगुळीत, आणि टोकाला छान खाच असलेली: आत्याची सोवळ्याची काठी. आमची आत्या पूजा-स्वयंपाक सोवळ्यात करायची. तिचं धुतलेलं लुगडं कुणाचा हात लागू नये म्हणून उंच दांडीवर वाळायचं, आणि ती ते या काठीने वर चढवायची. त्या काठीला आम्ही कुणी बोट लावत नसू. मी रोज दुपारी, आत्याचा डोळा लागला की, त्या काठीला बकऱ्याचं आतडं बांधायची, आणि चारच्या चहाआधी सोडून परत कोपऱ्यात ठेवायची. यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. काठी जागेवर होती ना.

भाद्रपदाची ओल. एके दुपारी तांत फुगली आणि गाठ सुटेना. दात लावून पाहिले. शेवटी काठी, तांत, खोकं असं सगळं लचांड गॅलरीत पोत्याखाली ढकललं.

सकाळी आत्या न्हाणीतून बाहेर आली. हातात पिळलेलं लुगडं.

"काठी कुठाय माझी?"

आई माझ्याकडे बघायला लागली. आईला विचारावं लागायचं नाही. मी पोतं बाजूला केलं.

"हे काय गं?"

"बास."

"ही दोरी कसली?"

"पिंजाऱ्याची."

"सुताची?"

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "वाट लागली."

"बकऱ्याची," मी म्हणाले.

आत्याच्या हातातल्या लुगड्याचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. ती ओरडली नाही. ती हिशेब मांडत होती. आत्या धर्मशास्त्र फार बारकाईने पाळायची, म्हणून त्यातल्या फटीही तिला माहीत होत्या.

"मृदंगाला कातडं असतं," ती म्हणाली. "तो देवळात चालतो. वाद्याला विटाळ नाही. तेव्हा हे वाद्य असेल तर माझी काठी वाद्यात गेली, संपलं. आणि नसेल तर तू गेले कित्येक दिवस माझं सोवळं बाटवते आहेस, कार्टे. मग खोकं चुलीत, आणि तू गणपतीत घराबाहेर पडायचं नाहीस. वाजव."

आत्याचा कान तिखट होता. पहाटे तिची भूपाळी ऐकून वाडीतले रेडिओवाले रेडिओ लावायचे थांबत. ती सा लावून उभी राहिली. मी काठी ओढली. धूंऽऽ.

"हा सा आहे?"

"नाही?"

"म्हैस आहे. ओढ अजून. अजून. फार झालं, सोड. सोड म्हणते ना! थांब. हलू नकोस. आता वाजव."

धुम्म. खालून फरशी हलली. आईने कपाळावरचा हात काढला.

"परत," आत्या म्हणाली. मी परत वाजवलं आणि परत म्हैस निघाली.

आत्याने बराच विचार केला. "वाद्य आहे," तिने निकाल दिला. "वाजवणारी नाही." मग माझे दोन्ही पाय फरशीच्या एका रेघेवर लावले, काठी माझ्या खांद्याला टेकवली, मान वळवून दिली. "एवढाच सूर. यातून हललीस तर हीच काठी पाठीत." आणि ओल्या लुगड्यानिशी तशीच मास्तरांकडे गेली. काय बोलली ते कळलं नाही. संध्याकाळी मास्तरांनी सगळी गाणी माझ्या एकुलत्या एका सुराच्या पट्टीत बसवली. ती इतकी उंच होती की वरच्या जागा घेताना मुलींचे डोळे बाहेर यायचे. पुढे आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

कार्यक्रमात मी सगळ्यात पुढे, साडीत, खांद्याला काठी लावून. दर चार मात्रांनी धुम्म. पहिल्या रांगेतून आत्या माझ्या पायांकडे बघत होती. चेहऱ्यावर डास बसला तरी मी हलले नाही.

कार्यक्रम संपल्यावर वडिलांच्या ऑफिसातले एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "झकास झाला हो कार्यक्रम. तुमची मुलगी काय करत होती?"

वडिलांनी जरा आठवून पाहिलं.

"उभी होती," ते म्हणाले.

मला तेवढंच हवं होतं.