पालीच्या बर्फावरची लस

माझी आई जिजाबाई पाली गावची कोळीण. आवाज असा, की उलट्या वाऱ्यातही किनाऱ्यावरून होडीपर्यंत पोचायचा. मासळी विकून तिनं मला कॉलेजात घातलं, हे सगळेच सांगतात. मला तिची दुसरी गोष्ट सांगायची आहे, कारण ती माहीत असलेले आता फारसे उरले नाहीत.

साल सदुसष्ट, ऐन उन्हाळा. बोंबील सुकत घातले होते तिथे बाबांच्या पोटरीला कुत्रं चावलं. दोन दिवसांत ते कुत्रं तडफडून मेलं. म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं आलीच. रोज एक, खंड न पाडता.

गावात सरकारी दवाखाना होता. इमारत होती, पाटी होती, डॉक्टरही होते. फ्रीजसुद्धा आला होता! फक्त वीज जोडायची राहिली होती. कंपाउंडर महिपत त्यात कापूस आणि स्वतःचा जेवणाचा डबा ठेवायचा. गारव्याशिवाय लस टिकत नाही, म्हणून लसच नाही. "शहरात जा," डॉक्टर म्हणाले.

बाबा गेले. बस, मग गाडी, मग रांग. दोनदा सुई मिळाली. तिसऱ्या दिवशी खिडकीवरनं उत्तर आलं, साठा संपला, नंतर या. बाबा घरी आले ते जाळं शिवायलाच बसले. "मी न्हाय जायचा आता. मरायचं तं हितंच मरंन."

आई एरवी तासभर भांडली असती. त्या दिवशी तिनं सरळ पदर खोचला, आणि मी घाबरले. मला म्हणाली, "चल गो माज्याबरोबर."

दवाखान्यात शिरताच तिनं सुरुवात केली, "डॉक्टर, औषध तू हितं आणून ठेव."

"आणीन हो बाई, पण ठेवू कुठे? या उकाड्यात दुपारपर्यंत खराब होईल. वीज नाही."

"विजेचं काय लोणचं घालायचंय? बरफ हाय ना! आमचा म्हावरा बरफात मुंबईपर्यंत ताजा जातो. तुजी इवलीशी बाटली न्हाय ऱ्हायची?"

महिपत खिदळला. "मावशी, लसीला म्हावऱ्याचा वास लागंल!"

"लागूं दे. माज्या घोवाला सवय हाय त्याची."

डॉक्टर हसले नाहीत. "बाटली बर्फाला टेकता कामा नये. गोठली तरी वाया जाते."

"मंग मधी लाकडाचा भुसा घालते."

"पण हे नियमात बसतं का, वर विचारायला हवं."

आता मात्र मला राहवेना. मी म्हणाले, "वरून उत्तर येईपर्यंत बाबा राहतील का, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "पेटी आणा," म्हणाले.

होडीवरची लाकडी पेटी आईनं कढत पाण्यानं घासली. तळाला बर्फ, वर भुसा, झाकणावर ओलं गोणपाट. डॉक्टर स्वतः जिल्ह्याच्या सरकारी साठ्यातून थर्मासमध्ये लस घेऊन आले. पेटीत थर्मामीटर ठेवून पारा पाहिला आणि मान डोलावली. खंड पडला म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा बाबांनी घातलेल्या शिव्या इथे लिहिता येत नाहीत.

सकाळी बर्फाची गाडी बंदरावर आली, की पहिला तुकडा दवाखान्यात जायचा. पण एक दिवस गाडी आलीच नाही. दुपारी पेटीत नुसतं पाणी. आई टोपली घेऊन घरोघर निघाली. प्रत्येकीकडे बर्फ मासळीपुरताच उरला होता. सरूबाईची पापलेटं तर दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी होती. तिनं त्यांच्यावरचा अर्धा बर्फ ओरबाडून आईच्या टोपलीत टाकला. "ने गो. म्हावरा उद्या परत गावंल, तुजा बाळाराम न्हाय गावायचा." मग बाकीच्याही आपापल्या टोपल्यांत हात घालू लागल्या. लस वाचली. सरूबाईची पापलेटं गेली, पण तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

फुकटच्या सरकारी सोयीबद्दल आभार माना, असं मला कुणी सांगितलं की मी स्पष्ट विचारते, कुणाचे?

शेवटची सुई घेऊन बाबांनी सदरा खाली ओढला. "झाला ना? मी चाललो," म्हणत ते तडक होडीकडे गेले. त्यानंतर पुष्कळ वर्षं ते समुद्रावर जात राहिले. त्या दिवशी महिपतनं पेटी उचलून आईला परत द्यायला घेतली, तशी ती ओरडली, "ठेव रं ती खाली! नाथाच्या सुनेला सकाळी कुत्रं चावलंय. मी बरफ घेऊन येते."