माघारीच्या दिवशी बेपत्ता झालेल्या ताई

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. आरोपी एका गुन्ह्यातला आठवतो आणि पंच दुसऱ्यातलाच. पण महापालिकेच्या निवडणुकीत घडलेली ती घटना अजूनही जशीच्या तशी समोर येते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. मूळ तक्रारीवर तर शेवटपर्यंत गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

मी तेव्हा सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. धायरी आमच्या हद्दीत होती. उमेदवारी अर्ज मागे घ्यायचा तो शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनची. निम्मा स्टाफ निवडणूक कार्यालयाच्या बंदोबस्ताला गेला होता. सकाळची हजेरी उरकते न उरकते तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे गर्दी झाली. दोन सख्खे भाऊ पुढे होते. थोरला जुना गावकरी, जमिनी राखून असलेला, शब्दाला वजन असलेला. धाकटा खासगी कंपनीत नोकरीला, हातात मोबाईल घट्ट धरून खाली बघत उभा. धाकट्याची बायको पहाटेपासून घरात नव्हती.

या बाईंना परिसरात सगळे ताई म्हणत. मीही तेच म्हणतो. एका पक्षाचं काम त्या वर्षानुवर्षं करत होत्या. मतदार चिठ्ठ्या घरोघर पोचवणं, म्हाताऱ्यांना केंद्रावर नेऊन परत सोडणं, टँकर आला नाही की क्षेत्रीय कार्यालयात बायकांना घेऊन बसणं, हे सगळं त्यांचं. जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा तिकीट त्यांनाच, असं सगळे धरून चालले होते. तिकीट मिळालं स्थानिक नेत्याच्या सुनेला. ताईंनी अपक्ष अर्ज भरला आणि प्रभागात खळबळ उडाली.

"साहेब, तिला उचललंय," थोरला म्हणाला. "समोरच्या पक्षानं."

"त्यांना काय फायदा?"

"अहो, ती आज माघार घेणार होती. काल घरात ठरलं. ती उभी राहिली तर आमच्याच पक्षाची मतं खाणार हाय. म्हणून त्यांनी तिला लपवलंय, माघार घेऊ नये म्हणून."

बोलणं पटण्यासारखं होतं. धाकट्यानं मान हलवली. मी मिसिंगची तक्रार दाखल करायला सांगितलं. ते चालू असतानाच ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, विरोधी पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याच्या गाडीत ताईंना बसताना त्यानं पाहिलं. पुढचं विचारायच्या आत फोन बंद.

मग दिवस हातातून सुटायला लागला. ताईंचा मोबाईल घरीच होता, म्हणजे लोकेशन मिळण्याची आशा नाही. व्हॉट्सअॅपवर 'आमच्या ताईंचं अपहरण' असे मेसेज फिरू लागले. थोड्याच वेळात वायरलेसवर खबर आली, विरोधी पक्षाच्या संपर्क कार्यालयावर दगड पडले, काचा फुटल्या. ठाण्याच्या फाटकाशी पोरं जमली. वरून फोन आला, "तीनच्या आत बाई सापडल्या पाहिजेत, नाहीतर दोन्ही गट रस्त्यावर येतील." माझ्याकडे तेव्हा उभे करायला धड दोन तुकड्याही नव्हत्या.

पदाधिकाऱ्याला ठाण्यात बोलावलं. माणूस पेठेत वाढलेला, जिभेला धार.

"साहेब, काचा आमच्या फुटल्या आणि चौकशीही आमचीच. बरं आहे."

"त्या रिंगणात राहिल्या तर फायदा तुमचाच ना?"

"आहे की. पण त्या माघार घेणार होत्या हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. काल संध्याकाळी त्या माझ्या बहिणीच्या सोसायटीत पत्रकं वाटत होत्या. उद्या माघार घेणारा माणूस पत्रकं वाटत हिंडतो का? आपण अनुभवी आहात, मी काय सांगावं."

त्याची गाडी तपासली, चालकाला वेगळं बसवून विचारलं, सोसायटीचं सीसीटीव्ही पाहिलं. गाडी आदल्या रात्रीपासून हललीच नव्हती. म्हणजे खबर खोटी. पण खोटी खबर कुणी दिली, आणि ताई कुठे? बाहेर घोषणा वाढत होत्या. खरंच कुणी त्यांच्या जिवाचं काही बरंवाईट केलं असेल तर, हा विचार मी मागे सारत होतो आणि तो पुन्हा पुढे येत होता.

आमच्या ठाण्यात एक महिला उपनिरीक्षक होत्या, कमी बोलणाऱ्या. त्या माझ्या केबिनमध्ये आल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "सर, एक बघितलंत का? थोरले सारखं विचारतायत, तीनच्या आत सापडेल ना. ती कशी असेल, हे एकदाही विचारलं नाही. आणि नवरा काहीच विचारत नाही."

हरवलेल्या माणसाचे नातेवाईक मी शेकड्यांनी पाहिले होते. ते वेड्यासारखे बोलतात. जेवली असेल का, थंडीचं अंगावर काही होतं का, असं तेच तेच विचारतात. गप्प बसणारा नवरा दोनच प्रकारचा असतो. एक, ज्यानं काही केलंय. दुसरा, ज्याला काही माहीत आहे. यातला पहिला निघाला तर काय, ही मला भीती होती.

मी धाकट्याला एकट्याला आत घेतलं. थोरला मागोमाग उठला, "मी पण येतो, त्याला बोलता येत न्हाई."

"त्यांना येईल तेवढंच बोलू द्या," मी म्हणालो आणि दार लावलं.

ताईंच्या अंगावर काय होतं, हे विचारलं. त्यानं साडीचा रंग सांगितला, वर स्वेटर होता तेही सांगितलं. औषध काही चालू आहे का, विचारलं. "बीपीची गोळी आहे. ती घेतलीय तिनं बरोबर."

"पळवून नेलेल्या बाईला गोळ्या घ्यायला वेळ मिळाला?"

 तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. उपनिरीक्षकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"साहेब, मीच रिक्षात बसवून दिलं तिला," तो म्हणाला. "काल घरात सगळ्यांनी तिला मध्ये बसवलं. दादाच्या जमिनीचं काम त्या नेत्याकडे अडकलंय. त्यांच्या सूनबाई निवडून आल्या की ते होणार, असं ठरलंय. ती म्हणाली, मी माघार घेणार नाही. दादानं तिचा मोबाईल काढून घेतला. सकाळी गाडीत घालून सहीला नेणार होते. ती रात्रभर झोपली नाही. म्हटलं, तू जा. तीन वाजेपर्यंत कुणाला दिसू नको."

"मग तक्रार द्यायला का आलात?"

"दादा घेऊन आला. त्याला नाही म्हणता आलं नाही मला. आजवर कधीच आलं नाही."

सगळा उलगडा झाला. थोरल्याला भावजय सापडत नव्हती, म्हणून तिला शोधायच्या कामी त्यानं पोलीस लावले होते. तो निनावी फोन त्याच्याच माणसाचा होता, हेही पुढे निघालं. तीनच्या आत ताईंना हुडकून मी ठाण्यात आणलं असतं, तर फाटकातूनच त्यांना सहीसाठी उचललं असतं. आणि ते माझ्या हातून झालं असतं.

पण नुसत्या नवऱ्याच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही. ताई खरंच स्वतःच्या मर्जीनं आहेत का, हे समोर बसून विचारायला हवं होतं. त्यानं दिलेला पत्ता हडपसरचा होता, शाळेतल्या मैत्रिणीच्या घरचा. उपनिरीक्षकांना घेऊन साध्या कपड्यात, खासगी गाडीनं ठाण्याच्या मागच्या बाजूनं निघालो. हडपसरला वाहतूक तुंबलेली. मागून एखादी ओळखीची गाडी येते का, म्हणून मी सारखा आरशात बघत होतो.

दार ताईंनीच किलकिलं केलं. ओळखपत्र दिसताच त्या ते लोटून घ्यायला लागल्या. "मला न्यायला आलात? दादांनी पाठवलं? ह्यांना काही केलं नाही ना त्यांनी?"

"ते ठाण्यात आहेत, सुखरूप आहेत," उपनिरीक्षक म्हणाल्या. "आम्ही फक्त विचारायला आलोय."

मैत्रिणीला आत पाठवून मी समोर बसलो. "ताई, दोन्ही रस्ते मोकळे आहेत. माघार घ्यायची असेल तर मी बंदोबस्तात कार्यालयात पोचवतो, कुणी अडवणार नाही. घ्यायची नसेल तर तसा जबाब द्या. इथे कुणी आणून ठेवलंय का तुम्हाला?"

"कुणी नाही. माझी मी आले." पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "साहेब, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वाटल्या मी. एकदा माझं नाव मशीनवर दिसू दे. पडले तर पडले. मला तीन वाजेपर्यंत इथंच बसू द्या."

जबाब झाला, सही झाली. उपनिरीक्षकांना तिथंच थांबवून मी फोनवर स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली की बेपत्ता महिला सुखरूप सापडली आहे. बाहेरच्या जमावालाही तसं सांगायला लावलं. दगड थांबायला हवे होते.

परत आलो तेव्हा थोरला जिन्यातच उभा. "कुठं हाय ती?"

"सुखरूप आहेत. सज्ञान आहेत. ठिकाण सांगू नका, असं त्यांनी लेखी दिलंय."

"तुम्ही पोलीस हाय का तिचे कार्यकर्ते?"

"पोलीस आहे, म्हणूनच पत्ता सांगत नाही."

त्यानं वर फोन लावले. मलाही फोन आले. मी प्रत्येकाला तोच जबाब वाचून दाखवला. पण मुदत टळली तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता ही बाई त्या घरात परत कशी जाणार?

ताई परत गेल्या, पण त्या घरात नाही. नवऱ्यानं भाड्यानं दोन खोल्या बघितल्या. मतदानाच्या दिवशी गस्तीवर असताना केंद्राबाहेर ठरवून दिलेल्या अंतरावर टेबलं मांडलेली दिसली. एका टेबलाशी तो बसला होता, छातीवर ताईंच्या चिन्हाचा बिल्ला. पलीकडच्या टेबलावरून थोरला भाऊ एकटक बघत होता. तरी याचं मतदारांची नावं शोधून देणं चालू होतं.

ताई पडल्या. नेत्याची सूनही पडली. काही लोक अजून म्हणतात, हे पोलिसांमुळे झालं. म्हणोत.

त्या दिवसापासून मी माझी एक पद्धत बदलली, आणि पुढे हाताखालच्या अधिकाऱ्यांनाही तीच लावली. मिसिंगची तक्रार घेताना वर्ण, उंची, कपडे सगळं विचारायचंच. पण शेवटी, पेन खाली ठेवून, तक्रारदाराच्या डोळ्यांत बघून आणखी एक विचारायचं, 'सापडल्यावर पहिलं काय बोलणार तिच्याशी?' ज्याला खरंच माणूस परत हवं असतं, त्याला बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्याचा आवाजच फुटत नाही.