रातपाळीची जुई

माघात मी जुईची वेल गुडघाभर ठेवून कापली ती रागाने, हे आधीच कबूल करतो.

पोलादपूरला माझ्या कुंपणाशी कंपनीची बस थांबते. गेल्या आश्विनात रातपाळीचा एक कामगार बस येईपर्यंत कुंपणावरून हात घालून मिटलेल्या कळ्या खुडायचा, शर्टाच्या खिशात टाकायचा आणि खिशाचं बटण लावायचा. विचारायचा नाही. मला पाहून मान मात्र हलवायचा, जणू मीच त्याला बोलावलं होतं.

एकदा मी विचारलं, "देवाला नेता का?"

"नाय हो. आमच्या प्लांटात सगळ्याला एकच केमिकलचा वास हाय, डब्याला पण. रातच्याला कळ्या फुलतात. खिशात नाक घातलं की जरा जेवण जातं."

हे ऐकूनही माझा राग गेला नाही. परवानगी घेतली नाही म्हणजे नाही. माघात कोयता चालवला.

यंदा जुई सगळं कुंपण झाकून फुलली. तो दोन्ही हातांनी कळ्या काढत म्हणाला, "भाऊ, छाटलीत ते बरं केलंत. आमच्यासाठी एवढं कोण करतो?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी बसच्या आधीच कुंपणाशी जाऊन उभा राहिलो.

"माफ करा," मी म्हणालो. "मी छाटली नव्हती. तुम्हाला फुलं मिळू नयेत म्हणून वेल मारायलाच कापली होती."

त्याने खिशाचं बटण लावलं.

"आसं होय? मग या माघात पण जरा रागवा."